गाणे आपले, नावही आपले

(बाभुळगाव, जि. यवतमाळ येथील बुद्ध विहारात नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यापुढे झालेले भाषण)



आताच आपण विहाराच्या भिंतीवर टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर एक गाणे पाहिले. ते आपल्याच तालुक्यातील एका मुलीने रचिले आणि तिनेच गाइले. तिच्या चुलतभावाने ढोलकीची साथ केली. गावातील आणखी दोन मुलांनी एका मोबाईलवर त्याची चित्रे घेतली व ती जुळविली. गाणे कापूस वेचणाऱ्या बायांचे आहे. उजाडण्यापूर्वी वावरात गेलेली बाई दिवसभर वेचते, सायंकाळी आपले गाठोडे काट्यावर ठेविते, आणि काट्यावरचा आकडा मात्र दुसराच कोणी वाचून सांगतो. गाणे संपले तेव्हा पुढल्या रांगेतील आयांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. त्या काही वेळ गप्पच बसून राहिल्या. मला वाटते, त्या गाण्यास याहून मोठी पावती मिळणे नाही.

त्यानंतर दोन गृहस्थ मजकडे आले. पहिले एक वयोवृद्ध आजोबा. ते म्हणाले, "गुरुजी, पोरांनी पुस्तक हाती धरायचे, तर ही मोबाईल घेऊन वावरात फिरतात. यातून काय निघणार?" दुसरे त्या मुलीचे वडील. त्यांनी मला बाजूस घेऊन सांगितले की, शहरातील एक मनुष्य हे गाणे पाच हजार रुपयांस मागत आहे. तो ते आपल्या यूट्यूब वाहिनीवर लावील, आणि उद्या सहीसाठी कागद घेऊन येणार आहे. "द्यावे की न द्यावे?" असा त्यांचा प्रश्न होता. या दोन प्रश्नांची उत्तरे मी आज सर्वांसमक्ष देणार आहे, कारण हे प्रश्न एका घराचे नाहीत.

प्रथम आजोबांचा प्रश्न घेतो.

गाणे हा आपल्या लोकांचा रिकामपणाचा उद्योग कधीच नव्हता. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या समाजाचा विचार खेडोपाडी पोहोचविला तो सत्यशोधक जलशांनी. त्याच वाटेवर आंबेडकरी जलसे उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० सालचा. या घटना वर्तमानपत्रांतून वाचू शकणारे आपल्यात कितीसे होते? नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी ढोलकी-तुणतुणे खांद्यावर टाकून गावोगाव गेले, आणि ज्यास अक्षर येत नव्हते त्यास त्यांनी गाण्यातून व संवादातून सर्व काही सांगितले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील गवळण टाकून दिली. हसवीत हसवीत माणसास विचार करावयास लाविले. शाळेत न गेलेल्या माणसाची जलसा हीच शाळा होती.

वामनदादा कर्डकांचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी जन्मलेल्या या माणसास अक्षरओळख मोठेपणी झाली. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचिले, आणि १५ मे २००४ रोजी त्यांचा अंत झाला तोपर्यंत ते रचीत व गात राहिले. त्यांच्या मागे कोणती कंपनी होती? कोणता धनिक होता? कोणीही नव्हता.

तेव्हा आजोबा, ही मुले जे करीत आहेत ते जलशाचेच काम आहे. साधन तेवढे बदलले. पूर्वी शाहीर गावात येई तेव्हा गाणे येई. आता गाणे एकटेच निघून शंभर गावांत जाते. २००५ साली यूट्यूब सुरू झाले, आणि २०१६ च्या सप्टेंबरपासून आपल्या देशात मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. तेव्हापासून ज्यास कोणी रंगमंचावर चढू दिले नसते, त्याचेही तोंड लोकांस दिसू लागले. औरंगाबादेस एकतारीवर भीमगीते गात दारोदार फिरणाऱ्या कडूबाई खरात यांचे गाणे मोबाईलवर टिपले गेले आणि त्या महाराष्ट्रभर माहीत झाल्या. आपल्या शेजारच्या अमरावतीचा विपिन तातड जातिभेदाविरुद्ध रॅप रचितो व गातो. रॅप म्हणजे तालावर वेगाने बोललेले गाणे. आपल्या पोवाड्याच्या कानास ते परके वाटू नये. महादेव कोळी या आदिवासी समाजातील मधुरा घाणे 'माही जी' या नावाने आपल्या समाजाचे जंगल आणि जगणे गाते. मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुण मंडळाने २०१९ साली आरे जंगलातील वारली कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन वारल्यांच्या जमिनीचे गाणे केले. अशा गाण्यांचे भांडवल म्हणजे स्वतःचे शब्द, स्वतःचे गाव आणि चार मित्र.

याचा आणखी एक उपयोग आहे. विलास घोगरे हे मुंबईतील शाहीर होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन १० माणसे ठार झाली. ते दुःख सहन न होऊन चारच दिवसांनी या शाहिराने आपले जीवन संपविले. परंतु आनंद पटवर्धन यांनी १९८५ सालच्या 'हमारा शहर' या बोलपटात त्यांचे गाणे टिपून ठेविले होते, म्हणून तो आवाज आजही ऐकू येतो. आपल्या आज्यांपैकी किती जणींचा आवाज असा राहिला आहे? ज्या घरात म्हातारी गाते, त्या घरातील नातवाने मोबाईल तिच्यापुढे धरावा. हे पुण्यकर्म नव्हे, हे कर्तव्य आहे.

आणि नवदीक्षित कुटुंबांस तर याची गरज अधिक आहे. आपण जुनी व्रते सोडिली, जुने नवस सोडिले. परंतु लग्नघरी, बारशास, वावरात काम करिताना तोंडी जे गाणे येते ते एका दिवसात बदलत नाही. नुसते "ते म्हणू नका" असे सांगून कोणाचे तोंड बंद करिता येत नाही. त्याच्या जागी स्वतःचे गाणे द्यावे लागते, आणि ते आपणांसच रचावे लागते. पुस्तक की गाणे, असा हा सवाल नाही. ज्याने पुस्तक हाती धरिले तोच पुढे स्वतःचे गाणे लिहितो.

आता दुसरा प्रश्न, पाच हजार रुपयांचा. येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे वडील गाणी रचीत. दिवसा मजुरी करीत आणि रात्री कंदिलाजवळ बसून वहीत लिहीत. १९८० नंतर कॅसेटचे दिवस आले. एका कॅसेट काढणाऱ्याने त्यांच्याकडून सहा गाणी घेतली, दीडशे रुपये हातावर ठेविले आणि एका पावतीवर सही घेतली. पैसे मिळाले या आनंदात वडिलांनी पावती वाचिली नाही. त्यांना वाचता येत होते, हे ध्यानात घ्या. वाचता येणारा मनुष्यही मोठ्या माणसासमोर कागद वाचावयास लाजतो. ती आपल्या पिढ्यांची सवय आहे. कॅसेट निघाली. जयंतीच्या मिरवणुकीत ती गाणी वाजली. वडील रस्त्याच्या कडेस उभे राहून ऐकत होते. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे नाव होते, कंपनीचे नाव होते, छापणाऱ्याचेही होते. रचणाऱ्याचे नाव नव्हते. घरी येऊन त्यांनी ते वेष्टन दोनदा उलटसुलट पाहिले आणि आईस म्हणाले, "जागा पुरली नसेल." त्यानंतर त्यांनी नवे गाणे लिहिले नाही.

बंधु-भगिनींनो, दीडशे रुपये थोडे होते याचे मला फारसे दुःख नाही. जागा पुरली नसेल, असे माझ्या वडिलांस वाटले, याचे आहे. ज्या माणसास पिढ्यान् पिढ्या नावाने हाक मारिली गेली नाही, त्यास आपले नाव गळले तर तो दुसऱ्याचा अन्याय आहे असे वाटतच नाही. आपलेच काही उणे असेल, असे वाटते. ही जी मनाची सवय, तिच्यातून बाहेर पडणे हे धर्मांतराइतकेच अवघड आहे.

आपल्या शाहिरांस याची जाणीव होती. वामनदादांनी गाण्याच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफिले. जुन्या संतांची आणि शाहिरांची ती रीतच होती. त्यास नाममुद्रा म्हणतात. ज्याच्याजवळ दस्तऐवज नव्हता, वकील नव्हता, त्याने आपल्या मालकीची नोंद गाण्याच्या पोटातच करून ठेविली. वेष्टन फाटेल, पण अखेरचे कडवे गाइल्याशिवाय गाणे पुरे होत नाही. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आया-बहिणींस मात्र ही सोय नव्हती. त्यांचे नाव कोणीच लिहिले नाही. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या संस्थेने लोकांसमोर आणिल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. तेथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते. जे काम शहाणी माणसे दुसऱ्याच्या गाण्यासाठी इतक्या काळजीने करितात, ते आपण आपल्या गाण्यासाठी करू नये काय?

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. कारण माझ्या वडिलांच्या वेळीही कायदा होता. आम्हांस तो ठाऊक नव्हता, एवढेच.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यास मराठीत स्वामित्वहक्काचा कायदा म्हणतात. त्यान्वये गाणे ज्याने रचिले, तोच सामान्यतः त्याचा पहिला मालक. चाल ज्याने बांधिली, तो चालीचा मालक. हा हक्क मिळविण्यास कोठेही नोंदणी करावी लागत नाही. नोंदणी केल्यास पुरावा बळकट होतो, इतकेच. हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे या मुलीने आज रचिलेले गाणे तिच्या नातवंडांचीही मिळकत आहे. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी चढले नाही, अशा घरांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखीच द्यावा लागतो, तोंडी नव्हे. लेखात किती वर्षांसाठी दिला हे नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच समजतात. कोणत्या प्रदेशासाठी दिला हे नसेल, तर तो भारतापुरता समजतात. म्हणूनच "सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जगात" असे शब्द कागदावर दिसले की तेथे थांबावे. ते शब्द चुकून आलेले नसतात. २०१२ साली या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. तीन्वये गीतकार व संगीतकार यांना गाण्याच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा समान वाटा आहे, आणि तो वाटा त्यांनी एखाद्या कंपनीस लिहून दिला तरी ते लिहून देणे ग्राह्य नाही. तो केवळ वारसांस किंवा हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेस देता येतो. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशी एक संस्था आहे. गाणारा व वाजविणारा यांनाही कायद्याने स्वतंत्र हक्क दिले आहेत, ते ५० वर्षे टिकतात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी: गाणे विकून टाकिले तरी "हे मी रचिले" असे म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम पाहा. वडिलांच्या पावतीवर काहीही लिहिलेले असो, ते रचनाकार आहेत हे सांगण्याचा त्यांचा हक्क त्या पावतीने गेला नव्हता. हे मला कळले तेव्हा वडील हयात नव्हते.

एक इशाराही देतो. गाणे निराळे आणि त्याची चित्रफीत निराळी. कोणी पैसे देऊन आपणांकडून चित्रफीत करवून घेतली आणि काही करार नसला, तर त्या चित्रफितीची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणून प्रवासखर्चाचे म्हणून कोणी पैसे पुढे केले, तरी ते कशासाठी आहेत हे लिहून घ्यावे.

कोणी म्हणेल, हे सारे खेडवळ व गरीब माणसांचे भय आहे. तसे नाही. मार्च २०२१ मध्ये 'एंजॉय एंजामी' हे तमिळ गाणे निघाले. ते अरिवू या तरुणाने लिहिले व धी या गायिकेसह गाइले, संगीत संतोष नारायणन यांचे. अरिवूच्या आजीने चहाच्या मळ्यांत काम केले होते. तिच्या आणि भूमिहीनांच्या आठवणींतून ते गाणे आले. कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर गायिका दिसली आणि अरिवू दिसला नाही. लोकांनी जाब विचारिल्यावर त्याचे निराळे मुखपृष्ठ निघाले. पुढे मार्च २०२४ मध्ये संगीतकारांनी जाहीरपणे सांगितले की, या गाण्याचे उत्पन्न आम्हांपर्यंत आलेच नाही. कोट्यवधी लोक ज्यास ओळखतात त्याची ही कथा, तर मग आपण किती सावध असावे?

परंतु, बंधु-भगिनींनो, दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले घरही तपासले पाहिजे. आपली पुष्कळ गीते सिनेमाच्या चालीवर बांधिलेली असतात. लोकांस ती चटकन तोंडी येतात हे खरे. पण ती चालही कोणा माणसाने घाम गाळून बांधिली असते. शिवाय व्यवहारही असा की, यूट्यूबची यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण हमखास ओळखते आणि पुष्कळदा नुसती चालही ओळखते. मग त्या गाण्याचे उत्पन्न मूळ कंपनीकडे जाते, किंवा गाणेच बंद पडते. आपल्यापाशी ओवी आहे, पोवाड्याची चाल आहे, पेरणीची गाणी आहेत. त्यांतून नवी चाल काढावी. या मुलीने जात्याच्या ओवीवरून चाल बांधिली, म्हणून तिच्यावर कोणाचे देणे नाही.

तसेच, गाणाऱ्याचे तोंड दिसते आणि बाकीचे झाकले जातात, हा अन्याय आपल्याही हातून होतो. या मुलांनी काम कसे केले ते मी विचारून घेतले. आवाज आधी मुद्रित केला. घराच्या आतल्या खोलीत चारही बाजूंस गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि रात्री ट्रॅक्टर व कुत्री शांत झाल्यावर गाणे मुद्रित केले. मग ते मुद्रण वावरात लावून त्यावर ओठ हलवीत चित्रे घेतली. सकाळी आणि दिवस मावळताना घेतली, कारण दुपारच्या उन्हात तोंडे काळवंडून दिसतात. मोबाईल हलू नये म्हणून तो बांबूस बांधिला. ज्या बायांनी वेचणीची चित्रे घेऊ दिली, त्यांची आधी परवानगी घेतली व त्या दिवसाची मजुरी बुडू दिली नाही. हे सारे काम चौघांचे आहे. तेव्हा गाण्याच्या शेवटी चौघांची नावे यावीत, आणि ज्यांचे हात दिसतात त्या बायांचीही, त्यांची संमती असल्यास, यावीत. दुसऱ्याने आपले नाव गाळिले तर तो अन्याय, आणि आपण गाळिले तर ती जागेची अडचण, असे होता कामा नये.

तेव्हा मी त्या गृहस्थांस, आणि तुम्हा सर्वांस, पुढील गोष्टी सुचवितो.

एक वही घाला. तीत गाण्याचे शब्द, रचिल्याची तारीख, चाल कोणाची, गाइले कोणी, वाजविले कोणी, चित्रे कोणी घेतली, खर्च किती व कोणी केला, आणि पैसे आल्यास वाटा कसा, हे लिहून सर्वांनी सह्या करा. मैत्री असतानाच लिहावे. भांडण झाल्यावर लिहिता येत नाही.

गाणे प्रथम आपल्याच नावाच्या वाहिनीवर लावा. वाहिनी उघडण्यास पैसे पडत नाहीत. मात्र तिच्यावर लगेच उत्पन्न सुरू होईल अशा भ्रमात राहू नका. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी २०१८ पासून १,००० सदस्य व मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी अशी अट घालण्यात आली. यास वेळ लागतो. म्हणून कोणीही शिक्षण वा रोजगार सोडून या मागे लागू नये.

कोणी कागद आणिला तर त्याच दिवशी सही करू नका. "घरी वाचतो" असे म्हणा. वाचणे हा अपमान नाही, आणि वाचू न देणारा मनुष्य आपला हितचिंतक नाही.

आणि मुलींच्या आईबापांस हात जोडून सांगतो: पडद्यावर मुलीचे तोंड दिसले की चार टवाळ काहीतरी लिहितात. त्यासाठी मुलीस घरात बसवू नका. असे लिहिणाऱ्यास वाहिनीवरून काढून टाकिता येते. धमकी असेल तर पोलिसांकडे जाता येते. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडले म्हणून त्यांनी शाळा बंद केली नाही.

राहिला पाच हजारांचा प्रश्न. दादा, तो निर्णय माझा नाही, तुमचाही नाही. गाणे तुमच्या लेकीचे आहे, आणि तिच्यासोबत राबलेल्या तिघांचे आहे. त्यांनी एकत्र बसून ठरवावे. द्यावयाचेच ठरले, तर एका वाहिनीवर, ठरावीक काळापुरते, चौघांच्या नावांसह दाखविण्याची परवानगी द्यावी. गाणे देऊ नये. त्या गृहस्थास ही अट मान्य नसेल, तर त्याने गाण्याची किंमत केली होती, गाणाऱ्याची नव्हे, असे समजावे.

तुमच्या लेकीने काट्याचे गाणे रचिले. कापूस आपण वेचावा आणि आकडा दुसऱ्याने वाचावा, हेच ते दुःख. उद्या तो मनुष्य कागद घेऊन येईल, तेव्हा तिच्या गाण्याचाच काटा तिच्यापुढे ठेविला जाणार आहे. या वेळी आकडा तिला स्वतः वाचू द्या.

 जय भीम.